चिलटांचे माहेर शोधायला हवे

पावसाळा स्थिरावला की स्वयंपाकघरात केळ्यांच्या घडाभोवती चिलटे घोंघावू लागतात. न्हाणीघराच्या भिंतीवर बारीक राखाडी माश्या बसलेल्या दिसतात. गॅलरीतल्या कुंडीला पाणी घालताच मातीतून काळे ठिपके उडाल्यासारखे किडे वर येतात. घरोघरी या सर्वांना ‘चिलटे’ हे एकच नाव आहे आणि त्यांच्यावरचा उपायही बहुधा एकच असतो, तो म्हणजे कीटकनाशकाचा फवारा. फवारा मारला की दोन दिवस शांतता लाभते आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच सुरू होते. दोष औषधाचा असतोच असे नाही. औषधाने उडणारे किडे मरतात. ते जिथे जन्मतात ती जागा मात्र तशीच राहते.

हे किडे फळातून किंवा घाणीतून आपोआप निर्माण होतात, ही समजूत फार जुनी आहे. इटलीतील फ्रान्चेस्को रेदी यांनी 1668 मध्ये मांसाचे तुकडे काही उघड्या, तर काही झाकलेल्या बरण्यांत ठेवून ती खोडून काढली. जिथे माशीला अंडी घालता आली, तिथेच अळ्या झाल्या. घरातील चिलटांनाही हाच नियम लागू पडतो. प्रत्येक जातीची अंडी घालण्याची जागा ठरलेली असते. ती सापडली की निम्मे काम झाले.

फळांवरची चिलटे

लालसर डोळ्यांचे, पिवळट तपकिरी अंगाचे, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे चिलट फळांभोवती घिरट्या घालत असेल, तर ते ‘ड्रोसोफिला’ होय. विज्ञानाच्या इतिहासात या क्षुद्र जिवाचे स्थान मोठे आहे. आनुवंशिकतेतील गुणसूत्रांचे कार्य उलगडल्याबद्दल टॉमस हंट मॉर्गन यांना 1933 चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच्यावरील प्रयोगांमुळे.

त्याला ओढ असते ती आंबण्याची. पिकलेल्या फळावर वाढणारे किण्व हे त्याचे मुख्य अन्न आहे. म्हणूनच काजूच्या हंगामात बोंडांचा रस आंबत ठेवलेल्या भट्टीवर चिलटांचे थवे असतात आणि घरात आंब्याची अढी लावली, फणस फोडला की ती हमखास हजर होतात. मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते. सुमारे 25 अंश तापमानात अंडे एका दिवसात फुटते, अळी चार-पाच दिवस खात राहते, त्यानंतर तितकेच दिवस कोषात काढून नवे चिलट बाहेर पडते. म्हणजे पिढी तयार व्हायला अवघे नऊ-दहा दिवस लागतात. आज घरातले प्रत्येक चिलट मारले, तरी कोषात असलेली परवा उडणारच. त्यामुळे कोणताही उपाय किमान दोन आठवडे नेटाने करावा लागतो.

फळे आणल्याबरोबर धुऊन कोरडी करावीत. बाजारातूनच सालीवर अंडी आलेली असू शकतात. फार पिकलेले फळ खाऊन टाकावे किंवा फ्रीजमध्ये ठेवावे. घडातले एक फुटलेले केळे किंवा टोपलीच्या तळाशी सडलेला एक कांदा वा बटाटा पुरेसा असतो. ओल्या कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवे. कचरा रोज उचलला जात नसेल, तर त्यावर वाळलेला पाला किंवा नारळाच्या सोडणांचा भुसा पसरावा. डबा नुसता रिकामा करून भागत नाही, तो आतून घासावा लागतो. रिकाम्या बाटल्यांच्या तळाशी राहिलेले थेंब आणि भांडी पुसण्याचे ओले फडके यांवरही नजर हवी.

सापळा करणे सोपे आहे. वाटीत दोन बोटे व्हिनेगर घ्यावे. माडाच्या सुरेचे असले तर उत्तमच. त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. व्हिनेगरच्या वासाने चिलट येते आणि साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी झालेला असल्याने त्यावर तरंगू न शकता बुडते. मात्र सापळ्याचा खरा उपयोग मारण्यापेक्षा शोधण्यासाठी आहे. अशा तीन-चार वाट्या रात्री स्वयंपाकघरात निरनिराळ्या जागी ठेवाव्यात. सकाळी जिच्यात सर्वाधिक चिलटे सापडतील, तिच्या आसपासच त्यांचे माहेर असण्याचा संभव अधिक.

चिरलेल्या आंब्यात आढळणारी पांढरी अळी मात्र या चिलटाची नसते. ती बागेतल्या फळमाशीची असते. ती माशी झाडावरच्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. तिचा बंदोबस्त बागेत होतो, स्वयंपाकघरात नव्हे.

मोरीतल्या माश्या

न्हाणीघराच्या किंवा संडासाच्या भिंतीवर निश्चल बसलेली, केसाळ, पानाच्या आकाराच्या पंखांची माशी पतंगासारखी दिसते. हात जवळ नेला की थोडेसे उडून पुन्हा बसते. तिच्या अळ्या पाण्याच्या नळीत आतून साचलेल्या बुळबुळीत थरात वाढतात. केस, साबण आणि मळ यांचा तो थर म्हणजे त्यांचे घर आणि अन्नही.

खात्री करून घेण्यासाठी रात्री मोरीची जाळी कोरडी करून तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, थोडी फट ठेवून लावावी. सकाळी पट्टीला माश्या चिकटलेल्या दिसल्या, तर उगम तिथेच आहे. दिसल्या नाहीत, तर पुढच्या रात्री दुसरी मोरी तपासावी.

नुसते उकळते पाणी किंवा फिनेल ओतल्याने हा थर जात नाही. पाणी त्याच्यावरून वाहून जाते. जाळी काढून लांब दांड्याच्या ब्रशने नळी आतून घासावी, ‘नहाणी ट्रॅप’मधला गाळ काढावा आणि मग गरम पाणी ओतावे. आठवडाभराने हेच पुन्हा करावे. वापरात नसलेले न्हाणीघर असल्यास दर आठवड्याला तिथे तांब्याभर पाणी ओतावे. ट्रॅपमधले पाणी आटले की गटारातून माश्यांना आणि झुरळांना घरात येण्याची वाट मोकळी होते. नोकरीधंद्यासाठी बाहेरगावी असलेल्यांची घरे महिनोन् महिने बंद असतात. तिथे ही अडचण हमखास उद्भवते.

ही माशी चावत नाही. तिच्याच कुळातली वाळूमाशी चावते. चांदीपुरा विषाणूचा प्रसार प्रामुख्याने तीच करते. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात 1965 मध्ये हा विषाणू प्रथम सापडला आणि 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. वाळूमाशी मात्र मोरीत वाढत नाही. ती भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याजवळच्या ओलसर मातीत राहते. न्हाणीघरातली माशी पाहून त्या आजाराची धास्ती घेण्याचे कारण नाही.

कुंडीतले आणि दिव्यावरचे

सडपातळ, लांब पायांची काळी चिलटे कुंडीभोवती दिसली, तर मातीत पाणी जास्त होत आहे हे समजावे. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरातली बुरशी व कोवळी मुळे खातात. वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी घालू नये, ताटलीत पाणी साचू देऊ नये आणि मातीवर कोरड्या वाळूचा थर द्यावा. पिवळा चिकट कागद कुंडीत रोवल्यास उडणारी चिलटे त्यावर अडकतात. अळ्यांचे आयुष्य पाहता तीन-चार आठवडे धीर धरावा लागतो.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती जमणारे आणि जमिनीवर पंखांचा सडा टाकणारे किडे म्हणजे पंख फुटलेली वाळवी. तासभर दिवा मालवला, खिडकी लावली की प्रश्न मिटतो. मात्र हे किडे बाहेरून न येता घरातल्याच भिंतीच्या किंवा चौकटीच्या भेगेतून निघत असतील, तर आत वाळवीची वसाहत आहे. तिथे विलंब न लावता जाणकाराला बोलवावे.

फवाऱ्याची किंमत

उघड्या अन्नावर, भांड्यांवर किंवा पेटत्या शेगडीजवळ कीटकनाशक फवारणे धोक्याचे आहे. डब्यातला वायू ज्वालाग्राही असतो. दारे लावून केलेल्या फवारणीचा त्रास दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना अधिक होतो. या औषधांतील पायरेथ्रॉइड रसायने मत्स्यपेटीतल्या माशांना अत्यंत घातक ठरतात. मोरी स्वच्छ करण्याच्या उत्साहात ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र ओतले जाते. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ही दोन द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत. कडुनिंबाचा धूर किंवा कापूर यांनी किडे काही काळ दूर जातील. परंतु नळीतल्या अळीपर्यंत धूर पोहोचत नाही.

चिलटे हा बहुतांशी उपद्रव आहे. डास हा आजार आहे. नियम मात्र दोहोंना एकच. डेंग्यू पसरवणारा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. फुलदाणी, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, झाकण नसलेली टाकी या त्याच्या जागा आहेत. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाणी आटले तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून भांडे नुसते ओतून चालत नाही, ते घासावे लागते.

आठवड्यातला एक वार ठरवून साठवलेले पाणी, मोरी, कचऱ्याचा डबा, फळांची टोपली आणि कुंड्या या पाच जागा घासून, तपासून घेतल्या, तर डासांची आणि चिलटांची पुढची पिढी पंख फुटण्याआधीच थांबते. या कामाला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि त्यासाठी लागतो तो एक ब्रश.