आवाज येतोय ना?

"हॅलो, ऐकू येतंय का? हॅलो!" गेल्या पावसाळ्यात एका सकाळी हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल, देव जाणे!

झालं होतं असं. आमच्या बचत गटाचं पापड-कुरडयांच्या यंत्रासाठी कर्जाचं प्रकरण बँकेत होतं. पावसामुळे साहेबांना येता येईना, म्हणून व्हिडिओवर बोलायचं ठरलं. गटाकडे एक जुना लॅपटॉप आहे. त्यात विंडोज फारच रखडत चालायचं, म्हणून माझ्या भाच्यानं त्यात उबंटू घालून दिलेलं. वीस जणींना दिसावं म्हणून एकीच्या घरचा मोठा मॉनिटर आणून केबलनं जोडला. गटाच्या सचिव, आमच्या अक्का, आठ दिवस हिशेबाची वही घेऊन तयारी करत होत्या. त्या बोलायला लागल्या. चांगल्या आठ-दहा मिनिटं बोलल्या. आणि साहेब पडद्यावर कानाला हात लावून खुणा करताहेत, की काहीच ऐकू येत नाही! त्यांचा आवाजही आम्हाला येईना. शेवटी त्यांनी मोबाइलवर सांगितलं, "सोमवारी बघू."

अक्का वही मिटत म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल ताई. मला कुठं असलं बोलता येतंय!" मैत्रिणींनो, ते वाक्य मला फार लागलं. बिघाड यंत्राचा, आणि दोष बाईनं स्वतःकडे घेतला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं माइक तपासला, मान हलवली. "साउंड कार्ड गेलंय, अडीच हजार लागतील. आणि ते लिनक्स काढून टाका." आमच्या गटाची महिन्याची बचत दोन हजार! मी लॅपटॉप उचलला आणि घरी येऊन पुण्याला भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, दिवा लागला नाही तर आपण लगेच मीटर बदलतो का? आधी बटण बघतो, मग बल्ब, मग फ्यूज. इथंही तसंच करायचं." त्यानं सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. तेच तुम्हाला सांगते.

पहिलं बघायचं कीबोर्ड. वरच्या रांगेत स्पीकरचं आणि माइकचं चित्र असलेली बटणं असतात. चुकून दाबली गेली की आवाज बंद. काही लॅपटॉपवर माइक बंद असला की त्या बटणावर लाल दिवा लागतो.

दुसरं हेडफोनची पिन. पिनवर दोन रेघा असतील तर त्यातून फक्त ऐकू येतं. तीन रेघा असतील तर माइकसुद्धा असतो. जुन्या लॅपटॉपला ऐकण्याचं आणि माइकचं भोक वेगवेगळं असतं, तिथं तीन रेघांची पिन घातली तरी माइक चालत नाही.

तिसरं, सेटिंग्जमध्ये जाऊन 'साउंड' उघडायचं. 'आउटपुट' म्हणजे आवाज कुठून बाहेर येणार, आणि 'इनपुट' म्हणजे कुठून आत जाणार. आमची अर्धी गोची इथंच सापडली. केबल जोडल्यावर आउटपुट 'एचडीएमआय'वर गेलं होतं, म्हणजे आवाज मॉनिटरकडे जात होता. आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते! तिथं लॅपटॉपचे स्पीकर निवडले, 'टेस्ट' दाबलं, आणि आवाज आला. इनपुटमध्ये माइक निवडून बोललं की शेजारची पट्टी हलायला हवी. आमची मात्र ढिम्म.

मग चौथं. मला वाटत होतं, हे आपल्याला काही जमणार नाही, पण जमलं. कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबली की एक काळी खिडकी उघडते. तिला टर्मिनल म्हणतात. त्यात ए-एल-एस-ए-एम-आय-एक्स-ई-आर ही अक्षरं लहान लिपीत, जागा न सोडता टाइप करून एंटर मारायचं. उभे खांब दिसतात. एफ-सिक्स दाबून आपलं साउंड कार्ड निवडायचं. खांबाखाली 'एम एम' दिसलं म्हणजे तो आवाज बंद आहे. एम दाबलं की उघडतो, वरच्या बाणानं वाढतो. एफ-फोर दाबलं की माइकचे खांब येतात. तिथं 'कॅप्चर' बंद होतं. स्पेसबार दाबला, बाणानं खांब वर चढवला आणि एस्केप दाबून बाहेर आले. 'साउंड'मध्ये जाऊन "हॅलो" म्हटलं आणि पट्टी नाचायला लागली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या!

एक गोष्ट लक्षात ठेवा. पाच सेकंद आवाज रेकॉर्ड करून ऐकायचा. तिथं नीट आला आणि मीटिंगमध्येच जात नसेल, तर लॅपटॉपचा दोष नाही. ब्राउझरमध्ये वर, पत्त्याच्या डाव्या बाजूला असलेल्या चिन्हावर जाऊन माइकला परवानगी दिली आहे का, ते बघायचं. आणि मीटिंगमधलं माइकचं बटणही बघायचं. एवढं करूनही जमलं नाही, तर एकदा लॅपटॉप बंद करून चालू करायचा. मग दुकान.

लिनक्स काढून टाकायला मी नकार दिला, कारण त्यात खोट नव्हतीच. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली आणि जगभरातल्या लोकांनी मिळून ते वाढवलं. उबंटू २००४ साली आलं. पैसे पडत नाहीत आणि मराठीतही वापरता येतं. २०१७ साली 'उबुंटू' नावाचा मराठी चित्रपट आला होता, तो हाच आफ्रिकेतला शब्द. अर्थ असा, की आपण सगळे आहोत म्हणून मी आहे. बचत गट तरी दुसरं काय असतं?

सोमवारी मीटिंगच्या आधी अर्धा तास अक्कांना बसवून त्यांचा आवाज रेकॉर्ड केला आणि त्यांनाच ऐकवला. "अगंबाई, मी अशी बोलते?" म्हणून लाजल्या. पण साहेब समोर आल्यावर न अडखळता सगळा हिशेब सांगितला. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं दिली. आमचं प्रकरण पुढे सरकलं.

ती यादी आता हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे, अक्कांच्या अक्षरात. परवा दुसऱ्या गटाचा लॅपटॉप मुका झाला, तर त्यांनी मला नाही, अक्कांना बोलावलं. परत आल्यावर अक्का म्हणाल्या, "काही नाही ताई, नुसतं बटण दाबलं होतं. त्या बिचाऱ्यांना वाटत होतं, आपलंच चुकलं."