पितृपक्षातली गवार

मंडईतल्या माझ्या नेहमीच्या मावशींनी परवा मिरच्यांवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या नाहीत. मी पिशवी उघडीच धरून उभी. त्यांच्या लक्षात आलं. "ताई, गड्डी चाळीसला गेलीय. वरची बंद." भाद्रपदातला वद्य पक्ष, आठ दिवसांची झड आणि कोथिंबीर शेतातच सडलेली.

मी बारावीला अर्थशास्त्र शिकवते. 'मागणीची लवचिकता' हा धडा वर्षानुवर्षं मीठ आणि औषधांच्या जोरावर उरकत आलेय. भाव वाढूनही मागणी फारशी हलत नाही ती कमी लवचीक, भावापेक्षा जास्त प्रमाणात हलते ती जास्त लवचीक. मुलं लिहून घेतात, मार्क मिळवतात. त्या दिवशी घाई नव्हती, म्हणून मावशींच्या ओट्याशेजारी रिकामा क्रेट पालथा घालून तासभर बसले. (महात्मा फुले मंडईची ही इमारत १८८६ सालची. तिच्या खर्चाला नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला, त्या फुल्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. हे पुणंच करू जाणे.)

पहिले एक गृहस्थ आले, हातात यादी. गवार, भेंडी, कारलं, लाल भोपळा, अळू. म्हणजे घरी श्राद्ध. गवार पंधरवड्यापूर्वी पाव किलो वीसला होती, आज पन्नासला. त्यांनी भाव ऐकला न ऐकल्यासारखं केलं आणि "पाव द्या" म्हणाले. ते गेल्यावर मावशी हसल्या. "पितरांना काय सांगणार, गवार महाग झाली म्हणून?" पाठोपाठ एक बाई आल्या. त्यांनीही गवारच उचलली, शेंग मोडून पाहिली, भाव विचारला आणि शेंगा परत ढिगावर ठेवून अर्धा किलो दोडका घेतला.

भाजी तीच, भाव तोच, दहा मिनिटांचं अंतर. एकासाठी गवारीला पर्याय नाही, दुसरीला समोरच दोडका दिसतोय. फळ्यावर मी 'अमुक वस्तूची मागणी कमी लवचीक' असं लिहिते तेव्हा जणू तो गुण शेंगेतच असतो. तो असतो घेणाऱ्याच्या अडचणीत. पुढच्या आठवड्यात, सर्वपित्री उरकल्यावर, हेच गृहस्थ गवारीकडे बघणारही नाहीत. पण तेव्हा त्यांची मागणीच बदललेली असेल, भावाचा त्यात हात नसेल. परीक्षेत मुलं नेमकी इथेच घसरतात.

मग कोथिंबिरीची गिऱ्हाइकं. नाश्त्याची गाडी लावणारा एक पोरगा रोज बारा गड्ड्या नेतो, आज सात नेल्या. "पोह्यांवर आज नुसतं दर्शन," म्हणाला. घरच्या गिऱ्हाइकांची तऱ्हा मात्र निराळी. एकामागून एक चार-पाच बायका आल्या आणि भाव न विचारता म्हणाल्या, "दहाची कोथिंबीर द्या." मावशी गड्डीची सुतळी सोडून बोटांनीच चौथा हिस्सा वेगळा करत होत्या. भाव दहा होता तेव्हा दहाची म्हणजे अख्खी गड्डी मिळे. भाव चौपट, माल चौथाई, मावशींच्या डब्यात तेच दहा.

मी क्रेटवरून उठायचीच बाकी होते. एकक लवचिकता! भाव काहीही होवो, एकूण खर्च तेवढाच राहतो, ही स्थिती. तिचा तो वक्र मी आजवर 'हे केवळ समजण्यासाठी हं' असं सांगून काढत आले. आणि इथे 'दहाची द्या' म्हणणारी प्रत्येक बाई तो वक्र पिशवीत घालून नेत होती.

घरी येऊन हिशेबाची वही काढली. नोव्हेंबर २०२३ : कांदा ६० रुपये किलो, महिन्याला ३ किलो. डिसेंबरात केंद्राने निर्यातबंदी घातली. जानेवारी २०२४ : ३० रुपये, साडेतीन किलो. भाव निम्मा झाला, पण आम्ही कांदा वाढवला जेमतेम अर्धा किलो. टक्केवारी काढताना गंमत होते. ६० वरून ३० ला उतरलं की ५० टक्के, ३० वरून ६० ला चढलं की १०० टक्के. म्हणून दोन्हींच्या मधला आकडा धरतात. तसं केलं तर माझी लवचिकता निघते साधारण ०.२३. स्वस्त झाला म्हणून भजी किती वेळा करणार?

खर्च १८० वरून १०५ वर आला. माझे ७५ रुपये वाचले, आणि त्यातले किती चाकण-लासलगावच्या शेतकऱ्याच्या हातून गेले ते माझ्या वहीत नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधले ग्रेगरी किंग यांच्या नावे एक कोष्टक सांगतात : पीक एक दशांश कमी आलं तर धान्याचा भाव तीन दशांशांनी चढतो. म्हणजे कमी पिकूनही एकूण पैसा जास्त. उलटं वाचलं तर, सगळ्यांचंच पीक साधलं की सगळेच बुडतात. आपल्याकडे हे कोष्टक न वाचताच टोमॅटो रस्त्यावर ओततात. बाजारातच जाऊन बसण्याची खोड पुण्याला जुनी आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगिळांनी पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी करून ती १९३३ मध्ये छापली. मी मात्र भर पुण्यात राहून एवढी वर्षं मिठावर भागवलं.

रात्री आठला पुन्हा मंडईत गेले. मावशींपुढे चार गड्ड्या उरल्या होत्या, पानं मान टाकू लागलेली. उद्या त्यांना कुणी हात लावणार नाही. मी म्हटलं, आता वीसला काढून टाका की. त्यांनी मला गप्प राहायची खूण केली आणि पलीकडच्या ओट्याकडे नजर टाकली. तिथे एक बाई लिंबं निवडत होती.

"चाळीसला घेऊन गेलेली अजून मंडईतच हाय," मावशी पुटपुटल्या. "तिला बाहेर पडू द्या."