मोटारीचें वाढीव बळ आणि त्याची किंमत

ज्या घरांत मोटार आहे आणि हाताशीं हत्यारें घेऊन बसणारा तरुण मुलगा आहे, त्या घरांत हल्लीं एक प्रश्न निघतोच. गाडी 'टर्बो'ची आहे. थोडे फेरफार घरींच केले तर तिची शक्ति वाढेल कीं नाहीं? वाढेल, हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अर्धें उत्तर आहे. उरलेलें अर्धें आज सांगावयाचें आहे.

एंजिनाचें काम म्हणजे इंधन जाळण्याचें काम. एक भाग पेट्रोल नीट जाळावयाचें तर वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. म्हणून शक्ति वाढवावयाची तर आधीं हवा अधिक भरली पाहिजे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं यावर एक युक्ति पेटंट करून घेतली. एंजिनांतून वायां जाणाऱ्या तप्त धुरानें एक चक्र फिरवावें, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून आंत भरावी, अशी ती युक्ति होय. आमच्या कामठीजवळ कोराडीच्या वीजकेंद्रांत वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरतें; येथें वाफेच्या जागीं धूर आहे. मोटारींतील हें चिमुकलें चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें. अमेरिकेंत १९६२ सालीं अशा मोटारी प्रथम बाजारांत आल्या. आज त्या आपल्या गल्लींतही दिसतात.

वातावरणाचा दाब साधारणपणें १ बार असतो. टर्बोनें त्यावर ०.८ बार चढविला, तर त्याच सिलिंडरांत पूर्वींपेक्षां पुष्कळच अधिक हवा मावते. हा दाब मर्यादेबाहेर जाऊं नये म्हणून 'वेस्टगेट' नांवाची एक झडप असते. किती धूर चक्राकडे जावा आणि किती बाजूनें सुटावा, हें ती ठरविते. आणि तिच्यावर हुकूम चालतो गाडींतील संगणकाचा. बाजारांत ज्याला 'रिमॅप' म्हणतात, तो या हुकुमांत केलेला बदल होय. त्यांत पाना हातीं घ्यावा लागत नाहीं, म्हणूनच तो फार सोपा वाटतो.

आतां किंमतीकडे वळूं. हवा दाबली कीं तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाची नळी हातास गरम लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. मे महिन्यांत आमच्या भागांत पारा ४५ अंशांवर जातो. ती हवा १.८ पट दाबली, तर तिचें तापमान १०० अंश ओलांडतें. तिला निवविण्यासाठीं 'इंटरकूलर' असतो. पण बाहेरचीच हवा तापलेली असेल तर तोही हतबल होतो. मग ठिणगीची ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच सिलिंडराच्या कोपऱ्यांतील मिश्रण आपोआप भडकतें आणि दट्ट्यावर हातोड्यासारखे घाव बसतात. यालाच नॉकिंग म्हणतात. संगणकास तें कळलें तर तो ठिणगी उशिरां पाडतो, म्हणजे मिळविलेली शक्ति परत जाते. न कळलें तर दट्ट्या फुटतो. डिसेंबरांत उत्तम चाललेला बदल मे महिन्यांत एंजिनाचा घात करूं शकतो, तो असा.

कोणी म्हणेल कीं कारखानेही हेंच करितात. उदाहरण आपल्या पुण्याजवळच्या रांजणगांवचें घ्या. तेथील फियाटच्या १३६८ घनसेंटिमीटरच्या टर्बो एंजिनानें २०१० सालीं लिनिया गाडींत सुमारें ११४ अश्वशक्ति दिली. २०१५ सालच्या अबार्थ पुंटोंत त्याच आकाराच्या एंजिनानें सुमारें १४५ दिली. पण त्या पुंटोला चारही चाकांस डिस्क ब्रेक होते, आणि तिचें अंग साध्या पुंटोपेक्षां जमिनीलगत आणलें होतें. पळण्याचें बळ वाढविणाऱ्यानें थांबण्याचें बळही वाढविलें होतें. कारखानदार एंजिनांत कांहीं सामर्थ्य शिल्लक ठेवतो, तें घाट, उन्हाळा, हलकें पेट्रोल आणि तुंबलेला फिल्टर यांसाठीं राखलेली गंगाजळी असते. रिमॅप करणारा ती आधींच खर्चून टाकतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. अपघात झाल्यास विमा कंपनी प्रश्न विचारील, तें निराळेंच.

मग हौशी हातांनीं करावें तरी काय? पुष्कळ आहे. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें आणि तें वेळेवर बदलावें. दूर धांवून आल्यावर एंजिन मिनिटभर मंद चालूं द्यावें, मग बंद करावें. इंटरकूलरच्या रबरी नळ्यांना चीर आहे काय, पट्टे सैल आहेत काय, हें पाहावें. तेथून हवा गळाली तर शक्ति गळते. हवेचा फिल्टर, प्लग, ब्रेकचें तेल आणि टायर यांकडे लक्ष द्यावें. गाडीखालीं शिरावयाचें असल्यास केवळ जॅकवर विसंबूं नये, भक्कम स्टँड लावावे. अशा निगेनें हरवलेली शक्ति पुष्कळदां परत मिळते, आणि तिच्यासाठीं दंड भरावा लागत नाहीं. वेगाचीच हौस असेल तर कोइंबतूर आणि चेन्नईजवळ शर्यतींचीं मैदानें आहेत.

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलास एकदम नको म्हणूं नये. त्यास चार प्रश्न विचारावे. दाब किती वाढणार? वाढलेली उष्णता कोठें जाणार? ब्रेक तेवढे समर्थ आहेत काय? आणि नोंदणीच्या कागदांत हा बदल बसतो काय? उत्तरें शोधतांना तो यंत्रशास्त्राचा बराच भाग शिकेल. चारांपैकीं एकाचेंही उत्तर सांपडलें नाहीं, तर हत्यारांची पेटी त्या दिवशीं उघडूं नये.