धनुष्यशिकार : नवशिक्याची साधने व त्यांची जुळणी

धनुष्यबाणाने वन्य पशूची शिकार करण्याचा, सांप्रत मुख्यत्वे अमेरिकेची संयुक्त संस्थाने (अ. सं. सं.) व कॅनडा या देशांत रूढ असलेला प्रकार. शिकारीचा हा मार्ग अतिप्राचीन असला, तरी बंदुकीच्या प्रसारानंतर तो बहुतेक ठिकाणी मागे पडला आणि विसाव्या शतकात छंद म्हणून त्याचे पुनरुज्जीवन झाले. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पशूंच्या शिकारीस बंदी असून ती धनुष्याने केली तरी गुन्हाच ठरते. ब्रिटनमध्येही १९८१ च्या कायद्याने वन्य पशूंना धनुष्याने मारण्यास मनाई आहे. त्यामुळे पुढील विवेचन अ. सं. सं. मधील प्रथेस आणि तेथे या रीतीने सर्वाधिक शिकार होणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या हरणास अनुलक्षून आहे. साधनांची निवड व जुळणी यांविषयीचा बराचसा भाग मात्र लक्ष्यवेधी तिरंदाजीसही लागू पडतो.

बाण व बंदुकीची गोळी यांच्या कार्यात मूलभूत फरक आहे आणि साधनांच्या निवडीचे सर्व नियम त्यातूनच निघतात. हरणाच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या रायफलीच्या गोळीची गतिज ऊर्जा सामान्यतः तीन ते चार हजार जूल असते. सेकंदाला ८० मी. वेगाने जाणाऱ्या २७ ग्रॅ. वजनाच्या बाणाची ऊर्जा जेमतेम ८६ जूल भरते. गोळी आघाताने ऊतकांचा विध्वंस करते. बाण तसे काहीच करीत नाही. तो कापतो. धारदार पात्याने फुप्फुसे, हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिन्या छेदल्या गेल्या, तर अतिरक्तस्रावाने प्राणी काही सेकंदांत कोसळतो. तोच बाण वीतभर मागे लागला, तर जखमी प्राणी तासन्‌तास जिवंत राहतो व पुष्कळदा हाती न लागताच मरतो. म्हणून शिकाऱ्याचे साधन जोरकस असण्यापेक्षा अचूक, शांत व धारदार असणे अधिक महत्त्वाचे ठरते. नवशिक्याचा समज बहुधा याच्या उलट असतो.

अमेरिकेत यादवी युद्धानंतर मॉरिस व विल टॉम्प्सन या बंधूंनी धनुष्यशिकारीकडे लोकांचे लक्ष वेधले. तथापि आधुनिक धनुष्यशिकारीचा खरा प्रारंभ इशी या याही जमातीच्या अखेरच्या ज्ञात व्यक्तीपासून मानला जातो. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे १९११ मध्ये तो प्रकट झाला आणि १९१६ मध्ये मरण पावला. त्याच्यावर उपचार करणारे शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य घडविण्याची व शिकारीची कला आत्मसात केली व १९२३ मध्ये तीवर ग्रंथ लिहिला. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणाच्या शिकारीसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम प्रथमच जाहीर केला. मिसूरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन यांनी चाकांच्या धनुष्याच्या एकस्वासाठी १९६६ मध्ये अर्ज केला. ते त्यांना १९६९ मध्ये मिळाले. या एका शोधाने पुढे धनुष्यशिकारीचे स्वरूपच पालटले.

शिकारीसाठी तीन प्रकारची धनुष्ये वापरात आहेत. साधे लांब धनुष्य आणि टोके पुढे वळविलेले रिकर्व्ह धनुष्य यांत दोरी जितकी मागे ओढावी तितका जोर वाढत जातो व पूर्ण ओढीच्या क्षणी तो सर्वाधिक असतो. ॲलन यांच्या शोधातून निघालेल्या कंपाउंड धनुष्यात भुजांच्या टोकांना विकेंद्री चाके असतात. ओढीच्या मध्यावर जोर परमावधीस पोहोचतो व शेवटी एकदम घटतो. कमाल ओढभार २७ किग्रॅ. असलेल्या धनुष्यात ही घट ८० टक्के असेल, तर पूर्ण ओढीच्या स्थितीत हातावर केवळ साडेपाच किग्रॅ. भार राहतो. हरिण झाडाआडून बाहेर येईपर्यंत नेम धरून थांबणे त्यामुळेच शक्य होते. रिकर्व्ह धनुष्य हलके, साधे व दुरुस्तीस सोपे असले, तरी त्याने शिकारयोग्य अचूकता साधण्यास बहुधा काही वर्षांचा नित्य सराव लागतो. त्याचे सौंदर्य मान्य करूनही, ज्याला पहिल्या दोन हंगामांतच रानात उतरायचे आहे, त्याने कंपाउंड धनुष्यच घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

धनुष्य निवडण्यापूर्वी स्वतःचे शरीर मोजावे लागते. प्रथम प्रधान नेत्र कोणता ते पहावे. दोन्ही तळहात पुढे धरून त्यांमधील लहानशा फटीतून दूरची वस्तू पहावी व एकेक डोळा मिटावा; जो उघडा असताना वस्तू फटीत कायम दिसते तो प्रधान नेत्र होय. तो उजवा असल्यास दोरी उजव्या हाताने ओढावी, मग ती व्यक्ती डावखुरी का असेना. डावा असल्यास याच्या उलट. त्यानंतर ओढलांबी ठरवावी. दोन्ही बाहू पसरून बोटांच्या टोकांमधील अंतर घ्यावे व त्यास अडीचने भागावे, १७५ सेंमी. पल्ला असणाऱ्याची ओढलांबी सुमारे ७० सेंमी. येते. हा केवळ प्रारंभीचा अंदाज होय. कंपाउंड धनुष्य ठरावीक ओढीपर्यंतच येऊन थांबत असल्याने त्याची ओढलांबी धारकाशी जुळलीच पाहिजे. ती जास्त असली, तर पुढचा कोपर ताठ होऊन दोरी बाहूला फटकारते, मान मागे जाते व नेम डळमळतो. दुकानात नव्या गिऱ्हाइकास बऱ्याचदा दोन-तीन सेंमी. जास्त ओढीचे धनुष्य दिले जाते, कारण जास्त ओढीने बाणाचा वेग वाढतो आणि वेग हा विक्रीचा आकडा आहे. शंका असल्यास थोडी कमीच ओढ पत्करावी.

ओढभार पाउंडांत सांगण्याचा प्रघात आहे (१ पाउंड = ०·४५ किग्रॅ.). रिकर्व्ह धनुष्यावर नोंदलेला भार ७१ सेंमी. (२८ इंच) ओढीस मोजलेला असतो. ओढ दर अडीच सेंमी.ने घटली की भार एक किग्रॅ. किंवा किंचित अधिक घटतो. त्यामुळे २० किग्रॅ. अशी नोंद असलेले धनुष्य ६६ सेंमी. ओढणाऱ्याच्या हाती १८ किग्रॅ.चेच ठरते. हरणासाठी किमान ओढभार किती असावा हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवितो, उदा., कोलोरॅडोत ही मर्यादा ३५ पाउंड (सु. १६ किग्रॅ.) आहे. स्वतःस झेपणारा भार ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. खुर्चीवर बसून धनुष्य लक्ष्याच्या रोखाने सरळ धरावे आणि हात वर न उचलता, शरीर न झुलविता दोरी संथपणे मागे आणावी. धनुष्य आभाळाकडे नेल्याखेरीज ती येत नसेल, तर भार जास्त आहे. थंडीत तासन्‌तास निश्चल बसून आखडलेल्या स्नायूंना हेच काम करावयाचे असते आणि हाताची मोठी हालचाल हरणाच्या नजरेस तत्काळ पडते. कंपाउंड धनुष्याचा भार भुजांवरील स्क्रू फिरवून साधारणतः साडेचार किग्रॅ.पर्यंत कमी करता येतो. म्हणून प्रौढ नवशिक्याने १८ ते २२ किग्रॅ.पासून आरंभ करून सरावाने भार वाढवावा. हरणासाठी २७ किग्रॅ.हून अधिक भाराची गरज सहसा पडत नाही.

धनुष्याच्या खरेदीत सारी चिकित्सा खर्ची घालून बाण मात्र दुकानदार देईल ते घेण्याची चूक सर्रास आढळते. वस्तुतः मध्यम प्रतीचे धनुष्य व त्यास नेमके जुळणारे बाण ही जोडी महागड्या धनुष्याला विजोड बाणांसह सहज मागे टाकते. दोरी सुटताच बाणाच्या शेपटीवर एकाएकी जोर येतो व दांडी वाकते. मूठ मध्ये येत असलेल्या जुन्या घडणीच्या धनुष्यात बाण सापासारखा वळसा घेत मुठीला टाळून पुढे जातो. क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान छायाचित्रणाने हे वळण प्रत्यक्ष दाखविले. बाण फार लवचिक असला तर हे वाकणे आटोक्यात राहत नाही व फार ताठ असला तर तो एका बाजूस फेकला जातो. म्हणून दांडीचा ताठरपणा मोजतात : ७१ सेंमी. अंतरावरील दोन आधारांवर दांडी ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅ. वजन टांगले असता ती जितकी वाकते, ते इंचाच्या हजारांशांत मांडलेले माप म्हणजे तिचा क्रमांक. ४०० क्रमांकाची दांडी ०·४ इंच, म्हणजे सु. १० मिमी. वाकते. क्रमांक जितका लहान तितकी दांडी ताठ. दांडी लांब ठेवली किंवा टोक जड बसविले, की तीच दांडी अधिक लवचिक असल्यासारखी वागते. उत्पादकांचे तक्ते ओढभार, बाणाची लांबी व टोकाचे वजन या तिन्ही गोष्टी विचारात घेतात ते याच कारणाने.

बाणाचे वजन ग्रेनमध्ये सांगतात (७,००० ग्रेन = १ पाउंड). ओढभाराच्या दर पाउंडास पाच ग्रेनपेक्षा हलका बाण सोडणे धनुष्यास घातक असते, कारण न वापरली गेलेली ऊर्जा भुजांतच थरथरत राहते. बाण न लावता दोरी सोडणे तर कटाक्षाने टाळावे. त्याने धनुष्य तत्क्षणी मोडू शकते. शिकारीसाठी दर पाउंडास सात ग्रेनच्या आसपास वजन ठेवावे. ६० पाउंडी धनुष्यास ४२० ग्रेन (सु. २७ ग्रॅ.) बाण हा चांगला मध्य होय. हलका बाण वेगवान असतो खरा. पण जड बाण धनुष्याची ऊर्जा अधिक प्रमाणात घेतो, आवाज कमी करतो व शरीरात खोलवर शिरतो. बाणाचा तोलबिंदू मध्यापेक्षा पुढे, एकूण लांबीच्या १० ते १५ टक्के अंतरावर असावा. ७१ सेंमी.च्या बाणाचा तोल मध्याच्या ९ सेंमी. पुढे साधला, तर हे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या घरात येते.

पातेदार टोकास ब्रॉडहेड म्हणतात. त्याचे पक्क्या पात्यांचे व आघाताच्या वेळी उघडणाऱ्या पात्यांचे असे दोन प्रकार आहेत. उघडणारी पाती उड्डाणात स्थिर राहतात व रुंद जखम करतात, परंतु उघडण्यात काही ऊर्जा खर्च होते. कमी ओढभाराच्या शिकाऱ्याने पक्क्या, शक्यतो दोन पात्यांच्या टोकाचाच वापर करावा. पुष्कळांचे नवे ब्रॉडहेडही पुरेसे धारदार नसते. हलक्या ताणलेल्या रबरी धाग्यावरून पाते नुसते ओढले असता धागा चटकन तुटला पाहिजे. आपल्याकडील भिल्लांच्या तीरकामठ्यातही मासे, पक्षी व मोठे जनावर यांसाठी बाणांची निरनिराळी टोके असत. टोकाचा धर्म सावजाप्रमाणे ठरतो, हे ज्ञान नवे नाही.

जुळणीचा क्रम ठरलेला आहे. बाण ज्यावर टेकतो तो आधार व दोरीवरील खाच लावण्याची जागा प्रथम निश्चित करतात. कंपाउंड धनुष्यात बाण दोरीशी काटकोनात किंवा शेपटी मिमी.-दोन मिमी. वर अशा स्थितीत ठेवावा; बोटांनी ओढावयाच्या रिकर्व्ह धनुष्यात खाचेची जागा काटकोनापेक्षा ६ ते १२ मिमी. उंच घेतात. त्यानंतर दोरीत बसवावयाचे छिद्रदर्शक. डोळे मिटून दोरी पूर्ण ओढावी, हात नेहमीच्या जागी जबड्याशी स्थिरावावा आणि मगच डोळे उघडावे. छिद्र आपोआप डोळ्यासमोर आले पाहिजे. त्यासाठी मान वाकवावी लागत असेल, तर छिद्र सरकवावे, मान नव्हे. यानंतर कागदाची कसोटी घेतात. चौकटीत ताणलेल्या कागदातून दीड-दोन मी. अंतरावरून बाण मारतात. भोक गोल व त्याभोवती पिसांचे सारखे चरे उमटले, तर बाण सरळ जात आहे. चीर वरच्या बाजूस गेली असेल, तर शेपटी वर राहत आहे असे समजून खाचेची जागा खाली घ्यावी, खालच्या बाजूस असेल तर वर. आडवी चीर बाणाचा आधार एका वेळी अर्धा-एक मिमी. हलवून घालवितात. ती जात नसल्यास ताठरपणा विजोड आहे किंवा मूठ घट्ट आवळली जात आहे. चाकांचा परस्परमेळ बिघडला असल्यास मात्र दाबयंत्र असलेल्या कारागिराकडेच जावे.

नेमदर्शकाचा नियम एकच : तो बाणांच्या मागे न्यावा. बाण वर लागत असतील तर तो वर सरकवावा, डावीकडे लागत असतील तर डावीकडे. पहिली खूण १८ मी. अंतरासाठी लावावी. सरावाच्या बोथट टोकांनी सर्व बाण एकत्र पडू लागले म्हणजे जुळणी संपली, असे नाही. तेवढ्याच वजनाचे ब्रॉडहेड लावून पुन्हा मारून पहावे. त्याची पाती पुढल्या पंखांसारखी वागतात व धनुष्यातील लहानसा दोषही मोठा करून दाखवितात. दोन्ही टोकांचे बाण एकाच ठिकाणी लागेपर्यंत आधार किंचित हलवीत रहावा. हे काम वेळखाऊ व कंटाळवाणे असून नवशिके हमखास टाळतात ते हेच.

हरणाच्या मर्मस्थानाचा व्यास सु. २० सेंमी. धरतात. ज्या अंतरावर शिकारीच्या जाड पोशाखात, पहिल्याच प्रयत्नात, प्रत्येक बाण तेवढ्या वर्तुळात पडतो, तीच त्या व्यक्तीची मर्यादा होय. पहिल्या वर्षी ती १८ मी.पेक्षा अधिक क्वचितच असते. चांगल्या नेमबाजासही आणखी एक अडचण असते. २७ मी.वरील हरणापर्यंत दोरीचा आवाज सेकंदाच्या आठ शतांशांत पोहोचतो, तर सेकंदाला ८० मी. वेगाच्या बाणास सु. ०·३४ सेकंद लागतो. या पाव सेकंदात सावध हरिण उडी घेण्यासाठी खाली दबते व बाण पाठीवरून जातो किंवा भलत्याच जागी लागतो. दोरीवर रबरी गोंडे लावून व जड बाण वापरून आवाज कमी करता येतो. कितीही वेग वाढविला तरी बाण ध्वनीला गाठू शकत नाही. हरिण आडवे उभे असताना किंवा तिरके पाठमोरे असतानाच बाण सोडावा.

धार असलेली टोके झाकणाऱ्या भात्यातच ठेवावीत. कार्बनची दांडी प्रत्येक वेळी वाकवून व पिळून तडा शोधावा, कारण तडकलेली दांडी सुटताना फुटून तिच्या चिरफळ्या हातात घुसतात. झाडावरील माचणावर चढताना जमिनीपासूनच पूर्ण शरीराचा सुरक्षापट्टा बांधलेला असावा.

बाण लागल्यानंतर लगेच मागोमाग जाऊ नये. किमान अर्धा तास थांबून प्रथम बाण शोधावा. त्यावरील फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाचा वेध दर्शविते. असे हरिण बहुधा शंभर-दीडशे मी.च्या आत पडलेले सापडते. हिरवट, दुर्गंधी चिकटा असेल, तर बाण पोटात लागला आहे. अशा वेळी आठ ते बारा तास थांबावे लागते. लवकर गेल्यास जखमी हरिण उठते व निबिड रानात दूर जाऊन दिसेनासे होते.