अंतर केवळ किलोमीटरचे नाही

दिल्लीत संमत झालेला शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्याचे नियम सांगतात. शहरातल्या आईवडिलांना एवढे पुरेसे वाटेल. पण जंगलातल्या पाड्यावरचे मूल केवळ अंतरामुळेच शाळेबाहेर राहते का?

गुरांमागे गेलेली शाळा

या प्रश्नाचे उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वीच शोधले होते. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले शाळेत येत नसत. मुलगा गुरे राखायला जाई, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे. आईवडिलांना नावे ठेवण्याऐवजी या दोघींनी शाळाच कुरणात नेली. ती ‘कुरणशाळा’. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, ती ‘विकासवाडी’. भावंड पाळणाघरात विसावले की ताईचे हात पाटीसाठी मोकळे होत.

पुस्तकाची परकी भाषा

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातली अडचण आणखी वेगळी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गावांचा संपर्क तुटत आला आहे. त्यात माडिया मुलांची घरची भाषा माडिया आणि पुस्तक मराठी. शहरातले मूल पहिलीत अक्षरे शिकते. या मुलाला अक्षरांबरोबर भाषाही शिकावी लागते. परीक्षा मात्र दोघांची सारखीच! मागे पडला की ‘मंद’ असा शिक्का बसतो.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये शाळा काढली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपली मुलेही माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत बसवली. याच शाळेतून पुढे माडिया डॉक्टरही घडले.

‘शक्यतो’ म्हणजे कधी?

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही तरतूद राज्यघटनेत १९५६ पासून आहे. शिक्षणहक्क कायदा तेच सांगतो, पण ‘शक्यतो’ म्हणून. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही ‘शक्य असेल तिथे’ म्हणते. माडिया बोलणारा शिक्षक नेमणे, धाकट्यांसाठी शाळेजवळ पाळणाघर काढणे या काही अशक्य गोष्टी नाहीत. कोसबाडच्या त्या दोघींनी तर कायद्याची वाटही पाहिली नव्हती. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या दारी जावे, एवढेच त्यांनी जाणले होते.