डिलिव्हरीच्या गाडीचे प्लग कधी बदलायचे? मला बारा हजार सहाशे रुपये घालवून कळलं

एरवी आपण उधारी, जीएसटी, पॅकिंग यावर बोलतो. मग आज स्पार्क प्लग मध्येच कुठून आले, असं वाटेल तुम्हाला. पण तुमच्यातले बरेच जण धंद्याची पहिली गाडी म्हणून सेकंडहँड छोटी कार घेतात, मागची सीट पाडतात आणि माल भरतात. मीही तेच केलं होतं. बीबीएला गाडीचा घसारा कसा काढायचा हे शिकवलं, पण गाडी घाटात का थांबते हे कुणी शिकवलं नाही.

माझं दुकान कराडला. काजू, आमसूल, फणसपोळी हा माल मी चिपळूणहून आणतो. गाडी एक लिटर इंजिनची, तीन सिलिंडर, पेट्रोल आणि सीएनजी. घेतली तेव्हा 52 हजार किलोमीटर झाले होते, सर्व्हिस बुक नव्हतं. मी टायर बघितले, बॅटरी बघितली, ऑइल बदललं. प्लगचं नावही काढलं नाही. गाडी चालतेय ना, मग झालं.

73 हजारांच्या आसपास कुरबुर सुरू झाली. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागायचा. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायची. गॅसचं अॅव्हरेज किलोला 26 वरून 22 वर आलं. पेट्रोलवर टाकली की बरी चालायची, म्हणून मी म्हटलं, दोष गॅस किटचा. किट ट्यून करून घेतलं, 2,200 रुपये गेले. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

इथे मी चुकलो, म्हणून जरा थांबून सांगतो. प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते. दर ठिणगीला धातू अगदी कणभर झिजतो आणि टोकांमधली फट, म्हणजे गॅप, वाढत जाते. गॅप वाढली की ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा मुळातच जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लग थकला की आधी गॅसवर कळतं, पेट्रोल अजून काही दिवस झाकून नेतं. घाटातही तीच गोष्ट. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला आणखी अवघड होतं. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर मुकाट चालते, भरलेली गाडी चढाला मिसिंग करते.

तर एका लग्नाची 120 गिफ्ट बॉक्सची ऑर्डर होती, 280 रुपयांचा एक. काजू त्याच संध्याकाळी आणायचे, रात्री पॅकिंग, सकाळी सातला डिलिव्हरी. पोफळी सोडून कुंभार्ली घाटाला लागलो आणि गाडीने जर्क द्यायला सुरुवात केली. अॅक्सिलरेटर दाबला तरी पिकअप नाही, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. बाजूला घेतली, थंड होऊ दिली, पेट्रोलवर टाकली आणि दुसऱ्या गिअरवर, थांबत थांबत वर आलो. कराडला पोचायला साडेदहा वाजले. पॅकिंगच्या दोन्ही मावशी नऊला घरी गेल्या होत्या, आणि रात्री परत बोलवायचं कोणत्या तोंडाने? बायको आणि मी पहाटे चारपर्यंत बसलो. 75 बॉक्स झाले. उरलेल्या 45 चे 12,600 रुपये गेले. त्याच घरात पुढच्या मे महिन्यात दुसरं लग्न होतं, ती ऑर्डर आमच्याकडे आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी प्लग काढून हातात दिले. मधलं टोक घासून गोल झालेलं, गॅप हवी त्याच्या जवळजवळ दीडपट. नवे तीन प्लग घातले आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली.

आता तुमच्या कामाचं. साधे निकेलचे प्लग साधारण 30 ते 40 हजार किलोमीटर चालतात. इरिडियमचे बरेच जास्त, काही गाड्यांना कंपनी एक लाखापर्यंत सांगते. पक्का आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच धरायचा. मॅन्युअलमध्ये सीएनजीचा किंवा कडक वापराचा रकाना वेगळा असेल तर डिलिव्हरीच्या गाडीला तोच लागू, कारण चालू-बंद, चालू-बंद हा कडक वापरच आहे. सेकंडहँड गाडीचं रेकॉर्ड नसेल तर विचार करत बसू नका, पहिल्या ऑइलबरोबर प्लगही बदला.

संख्या विचारून घ्या. के10बी इंजिनची वॅगनआर, सेलेरिओ यांना तीन सिलिंडर, तीन प्लग. 1.2 लिटरच्या जुन्या स्विफ्टला चार. जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनला मात्र सिलिंडरमागे दोन, म्हणजे आठ! (एका मित्राने चारचं बजेट धरलं होतं, दुकानात त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.) डिझेल गाडी असेल तर हा विषय तुमचा नाहीच, तिथे ग्लो प्लग असतो, त्याचं काम वेगळं.

हिशोब बघा. साधा प्लग 150 रुपयांचा धरला तर तीनचे 450. 40 हजार किलोमीटरवर विभागा: किलोमीटरला एक पैशाच्या किंचित वर. एवढ्यासाठी मी ऑर्डर घालवली. इरिडियम 600 चा धरला तर 1,800, आणि एक लाख किलोमीटर चालला तर पावणेदोन पैसे. महाग वाटतो, पण गाडी दर वेळी गॅरेजला उभी राहते तो अर्धा दिवसही मोजा. माझं मत विचाराल तर गाडीला मुळात जो प्रकार आला तोच घाला. पार्ट नंबर जुळवून, बिल घेऊन. एनजीके, बॉश, डेन्सोच्या नावाचा नकली मालही बाजारात फिरतो, त्यामुळे फारच स्वस्त मिळाला तर घेऊ नका.

जुने प्लग मिस्त्रींकडून मागून घ्या आणि रंग बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन नीट जळत नाहीये. ओलं, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, तिथे नुसते प्लग बदलून भागणार नाही. पांढरेफटक, फोड आलेले असतील तर इंजिन जास्त तापतंय.

बसवताना इंजिन थंड हवं. आधी खाचेतली धूळ हवेने उडवायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवायचा, कारण हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि आटे वाकडे गेले तर खर्च हजारांत जातो. इरिडियमची गॅप ठोकून कमी-जास्त करू देऊ नका, टोक नाजूक असतं. आणि बदलायचे तर सगळे एकदम. "एकच खराब आहे, तेवढाच टाकतो" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

एक गोष्ट तातडीची. इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो आतून वितळू शकतो. त्याचं बिल पाच आकडी येऊ शकतं. मी घाटात रेटली, माझा वाचला ते नशीब.

मी आता दुकानाच्या खर्चवहीतच गाडीचं एक पान ठेवलंय: तारीख, किलोमीटर, काय बदललं, पुढचं कधी. प्लगसमोर 1,08,000 लिहिलंय. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा पाच हजार आधीचं, कारण मला घाट चढायचा असतो. ते पान कसं आखायचं ते व्हिडिओत शेवटच्या दोन मिनिटांत दाखवलंय, बघून तुमच्या वहीत आखून घ्या.