जिल्हा परिषदेची शाळा (लेखांक 4) : 30 सप्टेंबरचा पट

ग्रामीण महाराष्ट्रातील सरकारी प्राथमिक शाळेचा कारभार समजून घ्यायचा असेल, तर ‘पट’ या दोन अक्षरी शब्दापासून सुरुवात करावी लागते. पट म्हणजे हजेरीपत्रकावर नोंदलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. शाळेला किती शिक्षक मिळावेत, स्वतंत्र मुख्याध्यापक असावा की नसावा, वर्षाचे अनुदान किती यावे आणि अखेरीस ती शाळा टिकावी की शेजारच्या शाळेत विलीन व्हावी, हे सारे या संख्येवर ठरते. हा पट दरवर्षी 30 सप्टेंबर या दिवशीचा धरला जातो. परभणी जिल्ह्याच्या बाबतीत या तारखेचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे, कारण गंगाखेड, पालम, सोनपेठ आणि जिंतूर या तालुक्यांतील कित्येक गावांत आणि तांड्यांवर 30 सप्टेंबरला वर्गात बसलेली मुले जानेवारीतही तेथेच असतील, याची खात्री देता येत नाही.

शाळा जिल्हा परिषदेकडे कशा आल्या, हे थोडक्यात सांगणे योग्य ठरेल. परभणी जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी शिक्षणाचा भार बऱ्याच अंशी सेलूच्या नूतन विद्यालयासारख्या लोकांनी उभारलेल्या संस्थांनी वाहिला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 संमत झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे सोपविण्यात आले. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी अनुदानित संस्थांच्या हाती राहिले, तर मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळाही मोठ्या संख्येने दिसतात आणि त्यांना ‘प्रशाला’ म्हणतात, हा संस्थानी काळातील सरकारी शाळांचा वारसा होय. 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा झाल्यावर परभणीकडे परभणी, पूर्णा, पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर असे नऊ तालुके उरले.

या नऊ तालुक्यांतील शाळांवर देखरेख करणारी उतरंड कागदावर सुस्पष्ट आहे. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्याखाली ‘बीट’ नावाच्या विभागाचे शिक्षण विस्तार अधिकारी आणि साधारण दहा-बारा शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, केंद्रप्रमुख अशी तिची रचना आहे. यांपैकी शाळेला सर्वांत जवळचा अधिकारी केंद्रप्रमुख. वर्गात बसून अध्यापन पाहणे, शिक्षण परिषद घेणे आणि अडलेल्या शिक्षकाला हात देणे हे त्याचे मूळ काम. परंतु पदे रिक्त राहिली की एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडे किंवा मुख्याध्यापकाकडे ‘प्रभार’ दिला जातो, आणि मग तो माणूस आपला वर्गही सांभाळतो व केंद्रातील शाळांची माहितीही गोळा करतो. मार्गदर्शन करण्यासाठी निर्माण केलेले पद अशा रीतीने तक्ते वर पाठविण्याचे पद होऊन बसते, आणि उतरंडीतील सर्वांत मोठी हानी येथेच होते, असे म्हणावे लागेल.

अधिकाऱ्यांच्या उतरंडीला समांतर अशी लोकप्रतिनिधींची व्यवस्था कायद्याने दिलेली आहे. जिल्हा परिषदेच्या सदस्यांमधून शिक्षण समिती निवडली जाते आणि तिच्या सभापतीला गावचा पालक नावाने ओळखतो. गळके छत किंवा रिकामी जागा यांबाबत प्रश्न विचारण्याचे ते हक्काचे ठिकाण. मार्च 2022 मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांबरोबर परभणीचीही मुदत संपली, निवडणुका आरक्षणाच्या वादात लांबल्या, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. त्या काळात प्रश्न विचारणारी समिती आणि उत्तर देणारे कार्यालय यांतील अंतरच नाहीसे झाले. सभापतींविषयी कोणाचे मत काहीही असो, पहिलीला दाखल झालेले मूल चौथीला जाईपर्यंत त्याच्या शाळेविषयी बोलणारा निवडून आलेला सदस्य जिल्ह्यात नसावा, ही लहान गोष्ट नव्हे.

आता संचमान्यतेकडे वळावे. शाळेच्या पटावरून तेथील शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या वार्षिक प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. तिचा पाया 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 पर्यंत तीन, 91 ते 120 पर्यंत चार आणि 150 च्या वर पट गेल्यास पाच शिक्षकांखेरीज एक मुख्याध्यापक, असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक अपेक्षित आहे. राज्य शासनाने 15 मार्च 2024 च्या निर्णयाने हे निकष बदलले, तेव्हा कमी पटाच्या वरच्या वर्गांना नियमित शिक्षकच उरणार नाही या भीतीने शिक्षक संघटनांनी व पालकांनी त्याला विरोध केला.

आकड्यांमागील प्रत्यक्ष स्थिती अशी की, 38 पटाच्या तांड्यावरील शाळेत दोन शिक्षक आणि पाच इयत्ता असतात. एका शिक्षकाने एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता एकाच वेळी शिकविण्याच्या या पद्धतीला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. ती मुळातच वाईट आहे असे नाही. मोठ्या मुलांनी लहानांना शिकविण्याची तिच्यातील सोय कुशल शिक्षक उत्तम वापरतो. तथापि तिच्यासाठी वेगळी तयारी व वेगळे साहित्य लागते, आणि पाठ्यपुस्तके व वेळापत्रके मात्र एका वर्गाला एक शिक्षक आहे असे गृहीत धरून बनविलेली असतात. त्या दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार असतो. म्हणजे पोषण आहाराच्या नोंदी, शालार्थ प्रणालीतील वेतनाची माहिती, निवडणुकीचे काम आणि तालुक्याच्या बैठका त्याच्याच वाट्याला येतात. तो पंचायत समितीत गेला, की शाळा एकशिक्षकी होते.

पट मोजण्याची रीतही आता बदलली आहे. प्रत्येक शाळेला यू-डायस नावाचा अकरा अंकी क्रमांक असतो. परभणी जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक 2717 या अंकांनी सुरू होतात. विद्यार्थ्यांची नोंद संगणकीय प्रणालीत होते आणि संचमान्यतेसाठी आधार क्रमांक वैध ठरलेली मुलेच धरण्याचे धोरण शासनाने स्वीकारले आहे. बोगस पट रोखण्याचा त्यामागील हेतू रास्त होता, यात शंका नाही. परंतु ज्याच्या जन्माची नोंद उसाच्या फडावर राहून गेली, किंवा ज्याचे नाव शाळेत एक आणि आधारपत्रात दुसरे आहे, ते मूल रोज वर्गात बसूनही पटावर येत नाही. अशी दोन मुले वगळली गेली आणि पट 61 वरून 59 वर आला, तर शाळेचा तिसरा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे समायोजन, म्हणजे रिक्त जागा असलेल्या दुसऱ्या शाळेत पाठवणी, होते.

येथे 30 सप्टेंबर या तारखेचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. बालाघाटच्या रांगांतील गंगाखेड-पालमचा भाग आणि अजिंठ्याच्या रांगांना टेकलेला जिंतूरचा उत्तर भाग कोरडवाहू आहे. तेथील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी हेच मजुरीचे एकक असल्याने, म्हणजेच ‘कोयता’ असल्याने, आई गावी राहण्याचा पर्याय सहसा नसतो आणि लहान मूल आपोआप बरोबर जाते. थोरल्या बहिणीची शाळा सुटण्याचे कारण बहुधा धाकटे भावंड सांभाळणे हेच असते. म्हणजे प्रशासन ज्या दिवशी मोजणी करते, त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मोजलेली शाळा बदलते. पट कायम राहतो, हजेरी मात्र ओसरते, आणि वाचन-गणनाचा पाया घालण्याचे नोव्हेंबर ते मार्च हे महिने या मुलांच्या वर्षातून निघून जातात.

यावर उपाय झालेच नाहीत असे नाही. 1990 च्या दशकापासून कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविल्या गेल्या. पुढे मूल गावातच ठेवण्यावर भर देणारी हंगामी वसतिगृहाची योजना आली, जिच्यात आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांना हंगामाच्या काळात सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत दिले जाते. गावाबाहेर जाणाऱ्या मुलाला त्याची प्रगती नोंदवून शिक्षण हमी पत्रक देण्याचीही पद्धत आहे, जेणेकरून कारखान्याजवळच्या शाळेने त्याला विनाअट बसवून घ्यावे. यांपैकी हंगामी वसतिगृह हा सर्वांत समजूतदार उपाय आहे, कारण तो मुलाची भाषा, शिक्षक आणि पुस्तक बदलत नाही. त्याचे यश मात्र मंजुरीच्या तारखेवर अवलंबून असते. दिवाळीआधी मंजुरी आली तर मूल थांबते. डिसेंबरात आली तर ते केव्हाच बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये बसून गेलेले असते.

पैशाचा भाग त्या मानाने सरळ आहे. शिक्षकांचे वेतन राज्य शासन देते आणि जिल्हा परिषद ते वाटते. इमारती, प्रशिक्षण व शाळा अनुदान यांसाठी 2018-19 पासून समग्र शिक्षा ही केंद्र व राज्य यांच्या 60:40 वाट्याची योजना आहे. तिच्या निकषांनुसार 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपये आणि 31 ते 100 पटाच्या शाळेला 25 हजार रुपये मिळतात; वीजबिल, खडू, दुरुस्ती व स्वच्छता यांत ते संपतात. लोकवर्गणीतून संगणक, रंगरंगोटी आणि दूरचित्रवाणी संच मिळविणारी गावे परभणीत आहेत, आणि त्यांचे मोल मोठे आहे. परंतु ज्या गावातील निम्मी घरे उचलीवर जगतात, त्या गावाकडून वर्गणीची अपेक्षा धरता येत नाही. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, आणि तो शिजविणाऱ्या बाईचे मानधन 2023 मध्ये वाढल्यानंतरही महिना 2,500 रुपयेच झाले.

शाळांच्या कामगिरीचे मोजमाप करताना मुलांना काय येते हे पाहण्याची रीत ‘असर’ या वार्षिक पाहणीने रूढ केली. तिच्यात गावातील मुलांना घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला दिला जातो. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत असा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 20.9 टक्के होते, करोनानंतर 2022 मध्ये ते 16.3 पर्यंत घसरले आणि 2024 मध्ये 23.4 वर आले. सुधारणा खरी आहे; तरी चारांपैकी तीन मुले अजून मागे आहेत, हेही तितकेच खरे. परभणीच्या संदर्भात या मोजमापाला एक जोड हवी. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे 82 टक्के असताना जिल्ह्याची सुमारे 73 टक्के होती आणि स्त्रियांची त्याहून बरीच कमी; म्हणजे आजच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी पाटी घेऊन बसवणारे कोणी नाही, आणि शाळेत गेलेले तास हेच त्यांचे एकूण शिक्षण. म्हणून शाळेच्या निकालाशेजारी तिची फेब्रुवारीतील हजेरी छापली गेली पाहिजे. ती नसेल, तर स्थिर वस्तीच्या मानवत-सेलूकडील शाळेची आणि डोंगरातल्या तांड्याची तुलना अन्यायाची ठरते.

विसापेक्षा कमी पटाच्या शाळांबाबत शासनाने सप्टेंबर 2023 मध्ये समूह शाळेची कल्पना पुढे आणली. राज्यात अशा शाळा सुमारे 15 हजार असल्याचे तेव्हा सांगितले गेले. त्या एकत्र करून एका मोठ्या, सुसज्ज शाळेत मुलांना वाहनाने आणावे, असा तो विचार असून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही त्याची उदाहरणे म्हणून दिली गेली. पाच मुलांच्या शाळेत मुलांना सवंगडी मिळत नाहीत, हा त्यामागील युक्तिवाद गंभीरपणे घेण्याजोगा आहे. तरीही शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतच्या मुलासाठी शाळेचे अंतर एक किलोमीटर धरले, ते सहा वर्षांच्या मुलाची चाल लक्षात घेऊन. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावरून गाडी जात नाही, आणि ओढा ओलांडून मुलीला दूरच्या शाळेत पाठविण्याऐवजी घरी ठेवणे पालकांना सोपे वाटते.

अशा निर्णयांवर गावाचे म्हणणे मांडण्यासाठी कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळा विकास आराखडा तिनेच करावयाचा असतो. हा आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार होणे अपेक्षित आहे. त्या महिन्यात पालम आणि गंगाखेडच्या तांड्यांवरील समित्यांचे अनेक सदस्य, आणि त्यांतील स्त्रिया, कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकाच्या फडावर असतात.